कापसाच्या गंजीवरचं लेकरू

कापूस फुटला की माझा डावा हात अवघडतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं, मानेचा मणका असेल. असेल बापडा. पण मग तो चैत्रात का अवघडत नाही, आषाढात का नाही? दिवाळी सरते, मोताळ्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी बोंडं उलतात, बाया कमरेला ओट्या बांधून ओळींमधल्या तासात उतरतात, आणि माझा हात कोपरात वाकून तसाच राहतो. त्या एका हंगामात मी या हातावर एक लेकरू धरून बसले होते, डोकं वर, पाय खाली. हाताला ते अजून सुटलेलं नाही.

हल्ली लोक गाडी थांबवून कापसाच्या शेतात फोटो काढतात. "काय सुंदर ना!" म्हणतात. असेल, मी कुठे नाही म्हणते? पण मला एवढं पांढरं एकदम दिसलं की आधी दूध आठवतं, आणि लगेच वाटतं, आता लेकरू हे ओकून टाकणार. बरोबरच्या माणसाला हे सांगायची सोय नाही. मी आपली खिडकीची काच वर करते आणि पदर नाकाला लावते.

महाराष्ट्र नुकता कुठे झाला होता तेव्हा. बाजारात शेर जाऊन किलो आले होते आणि माझे सासरे अजून किलोचे शेर करून मगच मान डोलवायचे. त्यांना मी मामाजी म्हणे, सासूबाईंना आत्याबाई. मोताळ्याहून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव. हे लोणारकडे शाळेवर मास्तर होते. शनिवारी एसटीनं यायचे, रविवारी जायचे. माझं पहिलं लेकरू पोळ्याच्या सुमारास माहेरी, चिखलीला झालं. नाव ठेवलं गजानन. आमच्या जिल्ह्यात या नावानं हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघते. आम्ही गजू म्हणायचो. सव्वा महिना झाला आणि त्याला घेऊन मी सासरी आले.

दिसायला लेकरू देखणं होतं. पण अंगावर घेतलं की दोन घोट ओढायचं आणि सोडून द्यायचं. धापा टाकायचं. ओठांच्या कडा निळसर व्हायच्या. जरा थांबून पुन्हा लावावं, पुन्हा दोन घोट, पुन्हा धापा. एवढा आटापिटा करून जे काही आत जाई, ते थोड्या वेळानं माझ्या पदरावर. मी दिवसभर आंबूस वासाची बाई झाले होते. इतर लेकरांची पोटं कशी, मडक्यासारखी. याचं पोट आत गेलेलं, परातीसारखं, आणि छाती मात्र एका बाजूनं फुगलेली. न्हाऊ घालताना आत्याबाई त्या खोलगट पोटावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायच्या.

घरात पहिला संशय अर्थातच माझ्या दुधावर. वाटीभर पाण्यात माझ्या दुधाचा थेंब सोडून पाहिला. तो पाण्यात मिसळला नाही, तळाशी गेला, किंवा त्यांना तसं वाटलं. "जड हाये दूध. त्याले पचून नाई राह्यलं," आत्याबाईंनी निकाल दिला. मग माझं वांगं बंद, हरभऱ्याची डाळ बंद, आंबट बंद. मी मुकाट्यानं भाकरी आणि दूध खात राहिले. आई झालेल्या बाईला कुणी काही सांगितलं तर ती ऐकते हो. उलटं टांगून घे म्हटलं असतं तर तेही केलं असतं मी. दूध हलकं झालं असेल नसेल, लेकरू मात्र रोज हलकं होत चाललं होतं.

मग कुणीतरी म्हणालं, डब्बा झाला. लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या की आमच्याकडे त्याला डब्बा म्हणतात, आणि डब्ब्यावर पोट डागतात. डागणारी बाई बोलावली. चुलीत सुई तापत घातली. तिचं लाल झालेलं टोक मी पाहिलं आणि लेकरू उचलून सरळ गोठ्यात जाऊन बसले. आत्याबाई मागे आल्या. "सुमन, येडी झाली काय वं? समद्याइच्या लेकरायले डागते." मी म्हटलं, "पहिले मले डागा. मंग त्याले." दावणीला मामाजी बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी हातातला पेंढा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "उद्या बुलढान्याले नेऊ त्याले." त्या घरात मामाजी एकदा बोलले की पुढे कुणी बोलत नसे.

बुलढाण्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नळी गजूच्या छातीला लावली आणि लावूनच बसले. उजवीकडे ऐकलं, डावीकडे ऐकलं, परत उजवीकडे. मग छातीचा फोटो काढवला आणि तो खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. पोट आणि छाती यांच्यामध्ये मांसाचा एक पडदा असतो म्हणे. याच्या पडद्याला डावीकडे जन्मापासूनच भोक होतं. त्यातून आतडी वर गेली होती आणि छातीत जाऊन बसली होती. काळीज बिचारं उजवीकडे ढकललं गेलं होतं. आत्याबाई फोटोकडे बघत राहिल्या. "म्हंजे जेवनाचं घर श्वासाच्या घरात घुसलं म्हना की," त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच, आजी. म्हणून प्यायला लागला की श्वास पुरत नाही, आणि श्वास घ्यायला थांबला की पिणं राहतं."

यावर उपाय एकच, नागपूरला ऑपरेशन. पण एवढ्याशा जिवाला ते भुलीचं औषध सोसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. "त्याला पाजा. डोकं उंच ठेवून, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. अंगावर जरा मांस धरू द्या. मग मी चिठ्ठी देतो." मी विचारलं, "अन् नाई धरलं तर?" त्यांनी फोटो हळूच पाकिटात सरकवला.  ज्याला पिता येत नाही म्हणून ऑपरेशन करायचं, त्याला ऑपरेशनसाठी आधी पाजायचं! परतीच्या एसटीत मला संताप आला होता, डॉक्टरांचा नाही, देवाचाही नाही, त्या भोकाचा. बोटभर भोक. माझ्याजवळ सुईदोरा होता, नऊवारीला ठिगळं मी डोळे मिटून लावत होते, आणि तिथं मात्र माझा हात पोचत नव्हता.

कुणी आपल्याला भोळं समजलं की आपल्याकडे म्हणतात, मी काही बोळ्यानं दूध पीत नाही. मला ते ऐकून कधीच हसू येत नाही. माझा मुलगा बोळ्यानंच प्यायचा. सरकी काढलेल्या स्वच्छ कापसाचा बोळा करायचा, माझं पिळून काढलेलं दूध वाटीत घ्यायचं, कमी पडलं तर गल्लीतल्या रहीमाबीच्या बकरीचं. बोळा भिजवायचा आणि त्याच्या ओठात थेंब सोडायचा. गिळला का बघायचं. श्वास घेऊ द्यायचा. मग दुसरा थेंब. वाटी संपायला सकाळ संपायची. ती संपली की धुवायची आणि पुन्हा भरायची. आत्याबाई दमल्या की मी, मी दमले की आत्याबाई. त्याला भूक लागायच्या आतच आम्ही थेंब घेऊन हजर. तो मागत नव्हता, आम्ही विचारत नव्हतो.

तरी ओकायचा. उशांचा उतार केला, डोकं उंच ठेवलं, डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं, तरी ओकायचा. आणि प्रत्येक ओकारीबरोबर सकाळभराची मेहनत जायची. एकदा मी ती ओकारी बोटानं गोळा करून वाटीत घ्यायला लागले होते. आत्याबाईंनी माझा हात धरला. धरूनच ठेवला.

आमच्या वऱ्हाडात तेव्हा वेचलेला कापूस घरातच भरायचे. समोरच्या खोलीत गंजी लागायची, आढ्याला टेकेपर्यंत. माणसं कडेकडेनं झोपायची. सरकीचा तेलकट, ऊबदार वास भिंतींत मुरायचा. एका दुपारी मी गंजीला पाठ लावून पाजायला बसले आणि माझा डोळा लागला. जाग आली तर गजू मांडीवर नव्हता. दचकून वळले. पाहते तो, माझ्या खांद्याशी कापसाच्या उतारावर रुतून, डोकं वर, डाव्या कुशीवर झोपलेला. गरम होत होतं म्हणून मीच झोपेत त्याला वर ठेवून बाळंतं सोडलं असणार. अंग सगळं मोकळं. तोंड कोरडं. पदर कोरडा. मी त्याच्या नाकाशी बोट नेलं. श्वास संथ चालला होता.

आत्याबाई शेतातून आल्या, ओटीतला कापूस गंजीवर रिता करायला वाकल्या आणि तशाच थबकल्या. त्या मोकळ्या लेकराकडे बघितलं, माझ्या कोरड्या पदराकडे बघितलं. मग सुटलेलं बाळंतं हातात घेतलं. "माय वं! आपुनच आवळत होतो त्याले."

खरंच होतं ते. थंडीचे दिवस, पोटात वारा शिरेल म्हणून आम्ही त्याला पाजलं रे पाजलं की बाळंत्यात गच्च गुंडाळायचो. पोटावर तर दुहेरी घडी, कारण पोट खोल गेलेलं, त्याला आधार हवा ना! जेवढं पोट आवळावं तेवढी आतडी वर छातीत जाणार, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. गावातल्या प्रत्येक आईनं प्रत्येक लेकरू असंच गुंडाळलं होतं. मलाही माझ्या आईनं तसंच गुंडाळलं असेल. मायेची पद्धत ती. तिचा राग तरी कसा करायचा?

त्या दिवसापासून गजूचा मुक्काम गंजीवर. कापसाचीच ऊब, गुंडाळायचं काम नाही. थेंब थेंब पाजायचं आणि डाव्या कुशीवर उतारावर ठेवून द्यायचं. मामाजी दर बाजाराला त्याला मोताळ्याला न्यायचे, धान्याच्या दुकानात पारड्यावर घोंगडी घडी करून त्यावर निजवायचे. पहिल्या वेळी दुकानदार हसून म्हणाला, "काय पाटील, पोट्टं इकायले आनलं काय?" मामाजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुढच्या बाजाराला त्या माणसानं पारडं स्वतःच्या धोतरानं पुसून ठेवलं होतं.

आता आमच्या शेजारची सून लेकरामागे वाटी घेऊन अंगणभर फिरते. "खा ना रे राजा, एक घास चिऊचा." लेकरू पळतं, ही मागे. घामाघूम होते, चिडते, माझ्याजवळ येऊन गाऱ्हाणं सांगते. काकू, हा खातच नाही हो. मी त्या पळणाऱ्या गुटगुटीत पोराकडे बघते आणि तिला म्हणते, पळतोय ना, पळू दे. तिला वाटतं म्हातारीला काळजी नाही. तिला काय सांगू?

संक्रांत जवळ आली. गावातल्या गंजी उठल्या. गाड्या भरून कापूस सरकी काढायला जिनिंगला गेला, घरं पुन्हा घरांएवढी झाली. आमची गंजी मात्र जागची हलेना. व्यापाऱ्याचा माणूस येऊन गेला, परत आला. मामाजी म्हणाले, "गंजी हालनार नाई." पारावर लोक चेष्टा करायचे. "काऊन बे, भाव वाढाची वाट पाहून राह्यला काय? उंदरं खातीन सारं." मामाजी तंबाखू मळत बसायचे. एकदा मी ऐकलं ते दारामागून. मला वाटलं, आता सांगतील, नातवासाठी ठेवलीय म्हणून. नाही सांगितलं. त्यांना लोकांनी लोभी म्हटलेलं चाललं, पण नातवाच्या मरणाची भीती त्यांनी पारावर मांडली नाही.

आणि मग तो खोकायला लागला. कशानं, ते आधी कळेना. जेवढं मांस धरलं होतं तेवढं चार दिवसांत उतरलं. बोळा ओठाला लावला की खोकला, खोकला की ओकारी. रहीमाबी दूध घेऊन आली होती. ती कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याची बायको. दारातच उभी राहून तिनं कानोसा घेतला. "सुमनबाई, रुई छातीमें बैठती. हमारे मर्द की खांसी सुनी नहीं क्या कभी?" पिंजाऱ्याचा तो कोरडा खोकला सगळ्या गल्लीला पाठ होता. एकट्या मलाच तो आठवला नव्हता.

त्या संध्याकाळी मी देवघरातला दिवा लावला नाही.  ज्या कापसानं त्याला तारलं तोच त्याच्या छातीत जाऊन बसत होता. खाली घ्यावं तर ओकतो, वर ठेवावं तर खोकतो. जाऊ कुठे याला घेऊन? मी त्याला छातीशी धरून भिंतीला टेकून बसले आणि मनात म्हटलं, जायचं असेल तर जा रे बाबा. माझ्याच्यानं होत नाही आता. हे मी म्हटलं. आईनं म्हणू नये, पण त्या क्षणी माझ्यात दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

सकाळी रहीमाबी घट्ट विणीची जुनी सतरंजी घेऊन आली. पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तिनं आधी खोली पुसली, भिंती पुसल्या, मग गंजीचा उतार त्या सतरंजीनं झाकून कडा खाली खोचल्या. "अब सुलाओ." खोकला एकदम गेला नाही. कण्हत, कुथत, हट्टी पाहुण्यासारखा गेला. पुन्हा बोळा, पुन्हा वाटी. आणि माघ सरता सरता एका बाजारी मामाजी मोताळ्याहून आले, अंगणात बैल सोडायचेही विसरले, आणि तिथूनच ओरडले, "वजन धरलं पोरानं! डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतो! नागपूरले जाचं!"

मलकापूरहून नागपूरची गाडी धरली. हे, मी आणि आत्याबाई. गाडीभर तो माझ्या डाव्या हातावर, डोकं वर. ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही तिघं एका बाकावर एकमेकांकडे न बघता बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले, आतडी खाली घेतली म्हणाले, पडदा शिवला म्हणाले. यांनी त्यांचे पाय धरले. मला वाटलं, संपलं. सुटलो.

कुठलं सुटतोय! छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर-खाली होत होती, ओठ गुलाबी होते, आणि लेकरू दूध घेईना. बोळा ओठाला लावला की मान फिरवायचा. वाटी दिसली की पाठ ताठ करायचा. माझं दूध त्या धावपळीत आटलेलं. नाकातून नळी घातली आणि तिच्यातून दूध सोडायला लागले. ते पोटात राहायचं, पण त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नळी किती दिवस ठेवणार? ती काढली की हा उपाशी. भोक बुजलं, श्वास मोकळा झाला, आणि आता माझं पोर कशानं मरणार होतं, तर तोंड उघडत नाही म्हणून! मी त्याच्यावर खेकसले सुद्धा. "पी ना रे मेल्या, पी!" शेजारच्या खाटेवरची बाई चपापून बघायला लागली.

फेरीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. कधीपासून पाजता, कसं, किती वेळानं. मी बोळ्याचं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मग माझ्या शेजारी खाटेवर बसल्या. "अहो, याला भूक काय असते ते ठाऊकच नाही. तुम्ही ती त्याला लागूच दिली नाही." दोष नव्हता त्यांच्या आवाजात. "पाजणं म्हणजे गुदमरणं, एवढंच त्याला माहीत आहे. आज नळी काढू. आमचं लक्ष राहील. दूध समोर ठेवा, पण पाजू नका. त्यानं मागायला पाहिजे."

"अन् त्यानं मागतलंच नाई तं?"

"पाहू," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

सकाळी नळी निघाली. मी हात मांडीखाली दाबून बसले. खोटं नाही सांगत, खरोखरच दाबून बसले, कारण ते आपोआप वाटीकडे जात होते. इतके महिने ज्या तोंडात थेंब पडल्यावाचून घटका गेली नव्हती, ते तोंड समोर मिटलेलं आणि मी नुसती बघतेय. गजू छताकडे बघत होता. मग झोपला. उठला, परत छताकडे. ऊन खिडकीतून सरकून पलीकडच्या खाटेवर गेलं. आत्याबाईंना राहवेना. "सुमन, एक थेंब दे वं. एका थेंबानं काय होते?" मी मान हलवली. त्यांनी तोंड फिरवून डोळ्याला पदर लावला. मला मनातून वाटत होतं, हा असाच शांत पडून राहील. मागणार नाही. ज्याला कधी मागावंच लागलं नाही तो कसा मागेल?

दुपार कलल्यावर तो चुळबुळला. मूठ तोंडाकडे नेली, चुकली, पुन्हा नेली. मूठ चोखली. त्यातून काही येईना तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या, आणि रडला. पहिल्यांदा कुरकुर, मग एकदम टाहो. चेहरा लालबुंद, मुठी हवेत, अख्खा वॉर्ड दणाणला. जन्मल्यापासून त्याच्याजवळ रडायला पुरेल एवढा श्वासच नव्हता. हा आवाज मी आयुष्यात प्रथम ऐकत होते. बाहेरची माणसं दारातून डोकावली. समोरच्या खाटेवरची बाई कळवळून म्हणाली, "घ्या ना हो त्याले, किती रडून राह्यलं लेकरू!" आत्याबाई रडत-हसत वाटी घेऊन धावल्याच.

मी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, आत्याबाई," म्हटलं. "जरा रडू द्या त्याले. मले ऐकू द्या."